पुन्हा पुन्हा पाहण्याची चित्रे

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकविताना कोल्हापुरातील अध्यापकाला उदाहरण शोधत बसावे लागत नाही. गुऱ्हाळावरील ताज्या गुळाचा पहिला खडा जी गोडी देतो ती दुसरा देत नाही आणि पाचव्या खड्याच्या वेळी हात आपोआप मागे येतो. विद्यार्थ्यांना हे चटकन पटते. त्यापुढे पाठ्यपुस्तकात जे अपवाद दिलेले असतात ते मात्र परीक्षेपुरतेच पाठ केले जातात. त्यांतील एक अपवाद आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथात नोंदविला आहे. चांगले संगीत जितके अधिक ऐकावे तितकी त्याची ओढ वाढत जाते, असे त्यांचे निरीक्षण होते. हे सिद्धांताच्या विरुद्ध नाही, असेही ते सांगतात. कारण मधल्या काळात ऐकणारा माणूसच बदललेला असतो. सिद्धांत एका क्षणापुरता खरा असतो आणि रुची ही काळाने घडणारी वस्तू आहे.

संगीताविषयी जे खरे तेच चित्रकलेविषयीही खरे आहे. आणि ते खरे असेल तर आपण आपली चित्रसंग्रहालये ज्या हिशेबाने चालवितो व ज्या रीतीने पाहतो, त्या दोहोंचा फेरविचार करावयास हवा.

'पाहून झाले' म्हणजे काय?

कोल्हापुरात संग्रहालय पाहण्याची एक ठरलेली रीत आहे. परगावचे पाहुणे येतात. अंबाबाईचे दर्शन होते, नवा राजवाडा होतो, पन्हाळ्याला जाण्याआधी तासभर शिल्लक राहिला तर टाऊन हॉलही होतो. शाळेची सहल असेल तर मुले रांगेने एका दारातून आत शिरतात व दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. मग आयुष्यभर विचारले असता उत्तर एकच येते : ते आमचे पाहून झाले. पाचवीत असताना एकदा पाहिलेली वस्तू 'पाहून झाली' असे आपण अंबाबाईविषयी म्हणत नाही, रंकाळ्यावरच्या संध्याकाळीविषयी म्हणत नाही. चित्रांविषयी मात्र निःशंकपणे म्हणतो. आणि तरीही आपल्या शहराला कलापूर म्हणवून घेण्यात आपल्याला धन्यता वाटते.

हे बिरुद मात्र फुकाचे नाही. भाऊसिंगजी रोडवरील टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. मेजर चार्ल्स मँट यांनी तिचा आराखडा केला. नवा राजवाडाही त्यांच्याच कल्पनेतून साकारला. येथील संग्रहालयाची स्थापना १९४६ सालची. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरील उत्खननात सापडलेल्या वस्तू ठेवण्याच्या निमित्ताने ते सुरू झाले. त्या वस्तूंतील समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पंचगंगेकाठच्या या गावाचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशींच्या व्यापाराशी संबंध होता, याचा तो मूक पुरावा होय. परंतु याच वास्तूत आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी आदी कोल्हापुरी चित्रकारांची चित्रेही आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय हे दुसरे स्थान. रूपेरी पडद्यावरील या नामवंत नटाने आपले राहते घर व आपली चित्रे शासनाच्या स्वाधीन केली, म्हणजे पर्यायाने तुमच्या-आमच्या स्वाधीन केली.

शेजारी शेजारी

एखादे चित्र घरच्या भिंतीवर असते तेव्हा ती शोभा असते. अनेक चित्रकारांची चित्रे शेजारी शेजारी येतात तेव्हा त्यांचे ज्ञानात रूपांतर होऊ लागते. संग्रहाचे खरे मोल या तुलनेत आहे आणि तुलना ही एका फेरीत होणारी गोष्ट नव्हे.

आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये रीतसर शिकले. तेथे सुवर्णपदक मिळविल्यावर मुंबईत नाव व पैसा कमाविण्याची संधी त्यांना होती. त्यांनी कोल्हापूर पसंत केले, शाहू महाराजांच्या दरबारी आश्रय घेतला आणि रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ ही आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातील स्थळे रंगविली. बाबूराव पेंटरांचा मार्ग याच्या उलट होता. ते कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. वडील कृष्णराव मेस्त्री यांच्या हाताखाली ते कारागिरी शिकले व बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. पुढे १९१७ साली त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. माधवराव बागल यांच्या हाती ब्रश होता व लेखणीही होती. डिसेंबर १९५० मध्ये बिंदू चौकात महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले, तेच हे माधवराव. आणि त्या वेळी डॉ. आंबेडकर हयात होते. चंद्रकांत मांडरे यांनी पावडर शेडिंगचा मार्ग धरला. पाणी नाही, तेल नाही, केवळ कोरड्या पुडीने कागदावर छायाप्रकाश उतरविण्याची ही पद्धत आहे.

प्रथमच आलेला प्रेक्षक यांतील विषय पाहतो. हा रंकाळा, हे देऊळ, हे कोणीतरी सरदार, असे ओळखण्यात त्याची पहिली भेट संपते आणि त्यात गैर काही नाही. दुसऱ्या खेपेस ओळखण्याचे काम उरलेले नसते, म्हणून डोळा रीतीकडे वळतो. जलरंगात पांढरा रंग न लावता कागदच कोरा सोडून उजेड कसा दाखविला आहे आणि तैलरंगात तोच उजेड रंगाच्या थरांनी कसा बांधला आहे, हे तेव्हा दिसू लागते. तिसऱ्या-चौथ्या खेपेस प्रश्न पडतात. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हात आणि पडदे रंगवून तयार झालेला हात यांत फरक कोठे जाणवतो? एकाला रेषा नेमकी हवी असते व दुसऱ्याला धूसरता का हवी असते? ज्याने नाटकाचा पडदा रंगविला त्यालाच सिनेमाचा पडदा हालता-बोलता व्हावा असे का वाटले? मूकपटांच्या त्या काळात हे शेवटचे स्वप्नच होते. परंतु महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेल्या दामले व फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरव झाला, त्याची मुळे या रंगशाळेत होती. कोल्हापूरचेच जी. कांबळे यांनी सिनेमाचे भव्य फलक रंगविले आणि शिवछत्रपतींचे शासनमान्य चित्रही काढले. चित्रशाळेतून नाट्यगृह, नाट्यगृहातून स्टुडिओ, स्टुडिओतून फलकांचा व्यवसाय अशी ही साखळी आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हे भांडवल आहे. ते बँकेत दिसत नाही इतकेच.

चैन की गरज?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेणाऱ्याला उडवून लावणे योग्य नाही. पंचगंगेचे प्रदूषण आहे, २०१९ व २०२१ च्या महापुरांच्या आठवणी ताज्या आहेत, रस्त्यांची दुर्दशा नित्याची आहे. अशा शहराने चित्रांची चिंता करावी काय? मर्यादित साधने व अमर्याद गरजा यांचा मेळ घालणे हाच आमच्या शास्त्राचा विषय असल्याने मला हा प्रश्न टाळता येणार नाही.

त्याचे पहिले उत्तर असे की, येथे खर्चाचा मोठा भाग पूर्वीच झालेला आहे. इमारती आहेत, चित्रे आहेत, रखवाली आहे. माझ्या पाहण्याने तुमच्यासाठी चित्र कमी होत नाही. दालन उघडे असताना आणखी एक नागरिक आत गेला तर खर्चात पडणारी भर जवळजवळ शून्य असते. असे असताना दालन रिकामे राहणे ही काटकसर नव्हे. तो अपव्यय आहे. धरण बांधून कालवे न काढण्यासारखा हा प्रकार झाला.

दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. मोठ्या संपन्न राज्यांनाच कला परवडते हा समज साताऱ्याजवळच्या औंधने खोटा पाडला आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या त्या लहानशा संस्थानात १९३८ साली श्री भवानी संग्रहालय खुले झाले. रविवर्मा, धुरंधर यांच्याबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे काम आज त्या आडगावी पाहावयास मिळते. आणि हेच पंतप्रतिनिधी आपल्या प्रजेला स्वराज्याचे हक्क देण्यातही पुढे होते. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच राजवटीत आबालालांना आश्रय मिळाला व पॅलेस थिएटर उभे राहिले. पोटाची गरज आणि मनाची गरज यांची रांग लावून दुसरीला अखेरपर्यंत थांबवून ठेवण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले नाही.

तेच पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह या नावाने आपल्याला परिचित झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत भस्मसात झाले. त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर येऊन रडले. ते अश्रू खोटे नव्हते. पण सार्वजनिक ठेव्याची किंमत ती नष्ट झाल्यावरच कळावी, हा व्यवहार कोणत्याही शहराला महागात पडणारा आहे. आबालालांच्या बाबतीत अशीच एक आख्यायिका कोल्हापुरात पूर्वापार सांगितली जाते. १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा व्यथित होऊन त्यांनी आपली कित्येक चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे म्हणतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी १९३१ साली कालवश झालेल्या या कलावंताने आयुष्यभर जे रंगविले त्यापैकी थोडेच आज आपल्यासमोर आहे. जे आहे त्याची जबाबदारी त्यामुळे अधिकच वाढते.

राखावे की दाखवावे?

खरी अडचण पैशाची नाही. ती वेगळीच आहे. जलरंगातील चित्र उजेडाने फिके पडते. ही हानी साचत जाते व कोणत्याही उपायाने भरून येत नाही. म्हणूनच कागदावरील चित्रांना ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश देऊ नये असा जगभरच्या संग्रहालयांचा दंडक आहे. म्हणजे घरातील मंद दिव्याइतकाच उजेड. तैलचित्रे त्यामानाने सोशीक असतात. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. चार महिने हवेत दमटपणा, त्यामागोमाग कडक ऊन. कागद फुगतो, आकसतो, त्यावर बुरशी धरते. चित्रे सदैव टांगून ठेवली तर ती झिजतात आणि सदैव पेटीत ठेवली तर ती असून नसल्यासारखी होतात.

यावर तोड आहे आणि ती शोधण्यासाठी समिती नेमावयास नको. चित्रे पाळीपाळीने दाखवावीत. दर तीन महिन्यांनी कागदावरील चित्रांची मांडणी बदलावी. काही विश्रांतीस जावीत, काही बाहेर यावीत. यात चित्राचे आयुष्य वाढते आणि नागरिकाला पुन्हा येण्याचे सबळ कारण मिळते. एकदाच येणाऱ्या पर्यटकाला या व्यवस्थेचा उपयोग नाही; गावात राहणाऱ्याला मात्र आहे. माझे म्हणणे नेमके हेच आहे. संग्रहालयाचा हिशेब तिकिटांच्या संख्येवर मांडला की व्यवस्था आपोआप पर्यटकाच्या सोयीची होते. तो किती जण पुन्हा आले यावर मांडला, तर ती शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांच्या सोयीची होईल.

पुन्हा येणाऱ्याच्या वाटेत पहिला अडसर शुल्काचा असतो. शुल्क कितीही अल्प असो, दर खेपेस ते भरावे लागले की माणूस 'आता पाहून झाले' असेच ठरवितो. ब्रिटनने आपल्या राष्ट्रीय संग्रहालयांतील प्रवेशशुल्क डिसेंबर २००१ मध्ये पूर्णपणे रद्द केले. आपल्याला तेवढे जमले नाही तरी एस.टी.च्या पासासारखा वर्षाचा पास स्थानिकांना नाममात्र दरात देणे अवघड नाही. दुसरा अडसर वेळेचा. शासकीय कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवार मोकळा झाला. शाळा-महाविद्यालये, बँका, दुकाने येथे काम करणाऱ्यांना मात्र तो मोकळा नाही. संग्रहालयाचे दार आठवड्यातून एक दिवस तरी रात्री आठपर्यंत उघडे राहिले तर नोकरदाराला घरच्यांसह येता येईल.

नोंदीचे सामर्थ्य

तिसरी गोष्ट सूचीची. कोणत्या कलावंताची कोणती चित्रे कोणत्या संग्रहात आहेत, त्यांचा आकार, माध्यम, काळ व विषय काय, हे सांगणारी सचित्र मराठी सूची प्रत्येक शाळेच्या व ग्रंथालयाच्या कपाटात असावयास हवी. खाजगी घरांत असलेल्या चित्रांचीही मालकांच्या संमतीने त्यात नोंद व्हावी. हे काम शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने, विद्यापीठाने आणि येथील कलामहाविद्यालयांनी मिळून करण्याजोगे आहे.

नोंद ही कारकुनी बाब आहे असे मानणाऱ्यांनी दोन अलीकडच्या घटना पाहाव्यात. जून २०२५ मध्ये इटलीतील एका विख्यात कंपनीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांसारखीच पादत्राणे मांडली, तेव्हा आपण ठामपणे हक्क सांगू शकलो. कारण २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला होता. त्याआधी मार्च २०२५ मध्ये पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. ते चित्र कित्येक दशके ऑस्लोच्या एका रुग्णालयात होते. रंग आणि कॅनव्हास तेच होते. त्यामागचा इतिहास नोंदलेला व सिद्ध होता, म्हणून बाजाराने त्याच्यावर विश्वास ठेवला.

कायद्याचा आधारही नोंदीवाचून लंगडा पडतो. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने चित्र ही पुरावस्तू होय आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. त्याशिवाय रविवर्मा, अमृता शेरगिल आदी नऊ कलावंतांच्या कृतींना काळाचा विचार न करता संरक्षण आहे. त्या नवांत कोल्हापूरचा एकही नाही. म्हणजे आबालालांची जुनी चित्रे कायद्याच्या छत्राखाली येतात, बाबूरावांची नंतरची येत नाहीत. आणि कोणते चित्र कोणत्या सालचे, हेच ठरलेले नसेल तर छत्राचा उपयोग काय?

शाळेपासून आरंभ

हे सारे शासनाने करावे व आपण वाट पाहावी असे मला सुचवावयाचे नाही. आपल्या शाळांतील हजारो मुले दरवर्षी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसतात. तांब्या, कांदा व पडद्याची घडी समोर ठेवून ती वस्तुचित्र काढतात, दहावीच्या वाढीव गुणांसाठी सरावाच्या वह्या भरतात. यांतील किती जणांनी आपल्याच गावच्या थोर चित्रकाराचे एक तरी मूळ चित्र दहा मिनिटे उभे राहून पाहिलेले असते? चित्रकला शिक्षकांनी वर्गाला टाऊन हॉलमध्ये न्यावे, मात्र सगळी दालने दाखविण्याचा हट्ट धरू नये. एका भेटीत दोनच चित्रे पाहावीत. पुढील सत्रात त्याच मुलांना पुन्हा आणून त्याच दोन चित्रांसमोर उभे करावे आणि या वेळी नवे काय दिसले ते लिहून घ्यावे. इतिहासाच्या शिक्षकांनीही यावे. रंकाळ्याचा काठ शंभर वर्षांपूर्वी कसा होता आणि आज आपण त्याचे काय केले, हे सांगणारा याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता मिळणार? त्या चित्रांतील पाणी पाहून आलेला मुलगा तलावात कचरा टाकताना कदाचित एकदा थबकेल.

महाविद्यालयांनी वाङ्मयमंडळासारखे संग्रहालयमंडळ काढावे, वडीलधाऱ्यांनी चित्रांतील जागा व व्यक्ती ओळखून देण्यास पुढे यावे. ती ओळख असणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे आणि तिच्याबरोबर जाणारी माहिती कोणत्याही अनुदानाने परत मिळणार नाही. म्हणून सूचीचे काम या वर्षी सुरू होणे आणि पाच वर्षांनी सुरू होणे यांतील अंतर केवळ पाच वर्षांचे नाही.

ज्या राजाने आणि ज्या कलावंतांनी हा ठेवा आपल्या हवाली केला त्यांनी तो प्रवाशांसाठी केला नव्हता. तो येथे राहणाऱ्यांसाठी होता. मालकाने आपल्या वस्तूकडे आयुष्यात एकदाच पाहावे व ती रखवालदाराच्या भरवशावर सोडावी, हे शेतीतही चालत नाही, दुकानातही चालत नाही. येत्या सुटीच्या दिवशी पाहुण्यांची वाट न पाहता आपण आपल्या मुलांसह टाऊन हॉलला जावे. आणि तीन महिन्यांनी पुन्हा जावे.